पानावरून उठायची परवानगी

अतिदक्षता विभागाबाहेर ती भावाच्या रिपोर्टची वाट बघत बसली होती. शेजारी एक पन्नाशीची बाई आणि तिचा धाकटा भाऊ. त्यांच्या वडिलांचं मशीन आता बंद करायचं का, असं डॉक्टर नुकतेच विचारून गेले होते.

"तूच सांग, ताई."

"थोरली म्हणून मीच का?"

"आजोबा असते तर त्यांनी डॉक्टरलाच कोपऱ्यात उभं केलं असतं."

"बैलाला केलं होतं. शेपटी मारली म्हणून."

"आणि ते जेवण?"

"ते 'उठा' म्हणेपर्यंत पानावरून कुणी हलायचं नाही. त्या दुपारी स्वतःच जेवता जेवता झोपले."

"अख्खं घर खरकट्या हातानं संध्याकाळपर्यंत बसून."

"जावईसुद्धा. शेजारीण सुई मागायला आली, तीही बसली म्हणे."

"बाबा तेव्हा एवढेसे. पायाला मुंग्या आल्या, रडले, पण उठले नाहीत."

"खोड गेली कुठे? माझ्याकडे जेवले की रिकाम्या ताटापुढे बसून राहायचे. मी म्हणायचे, 'बाबा, उठा आता.' मग उठायचे."

भाऊ हसला. मग आतल्या दाराकडे वळून बसला.

"डॉक्टरांना काय सांगू, ताई?"

"हो म्हण. पण जरा थांबायला सांग."

"कशाला?"

"आधी मी आत जाऊन बाबांना सांगते. उठा म्हणून."

त्या बाईला वाट द्यायला तिनं पाय आत घेतले.