चॅटवर आलेल्या बाई

आमच्या नंदाची कोल्हापुरात राजारामपुरीत कंपनी आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानदारांना गिऱ्हाइकाशी बोलायला चॅट बनवून देते लेक माझी. आलेला मेसेज मशीन वाचून दाखवतं, आपण बोललेलं लिहून पाठवतं. मी अडाणी, म्हणून आधी मलाच वापरायला लावते.

त्या दुपारी कामावरच्या पोरी जेवायला उठल्या आणि मी खुर्चीत बसलो. तेवढ्यात कंपनीच्या चॅटवर एका बाईंचा मेसेज आला.

"आमचं मालक परवा वारलं. चपलांच्या दुकानाची चॅट आता मलाच बघाय लागणार. मला दिसत न्हाय. शिकवाल का?"

दुःखाच्या घरी आपण जातो, नुसतं जवळ बसतो, बोलत नाही. तसाच मीही बसलो.

"कुणी हाय का?"

मी डोळे पुसले.

"न्हाय जमत तर ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या आणि गेल्या.

नंदाने आल्यावर मेसेज वाचून त्या बाईंना तीनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

"आबा, एक शब्द तरी बोलायचा की!"

"अगं, बसलो हुतो की त्यांच्याजवळ."

"ते त्यांना कसं कळायचं, आबा?"