ज्योत्स्नाचं दुसरं बाळंतपण

— नाही मॅडम, तसं नाही, ट्रकवरून पडला तो. केळीची गाडी भरत होता, पाय सटकला, डोकं फाळक्यावर आपटलं, हात अंगाखाली आला — असं लिहा. त्यानं काय सांगितलं तुमच्या चौकीत? बायकोनं मारलं? ज्योत्स्नानं? दिवस भरलेल्या बाईनं एवढ्या मोठ्या गड्याचं डोकं फोडलं, अकरा टाके पाडले, आणि मग स्वतः बाळंत व्हायले इथं आली — तुमच्या साहेबाले तरी पटलं का हे? बसा, इथं बाकावर बसा. लगेच आत नका जाऊ. काल दिवस बुडता बुडता सुटली ती, अजून रक्ताची बाटली चालू आहे. काय विचारायचं ते मले विचारा. मी तिची सासू, शेवंताबाई सुपडू नारखेडे, राहणार असोदा. हितेंद्र माहा एकुलता एक.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे तुम्ही उलटसुलट लिहिणार नाही. ज्योत्स्ना अमळनेरची, बी.ए. झालेली, बोलायले कमी. पहिली पोरगी मयुरी, चार वर्षांची — ती पोटात पायाकडून आली होती म्हणून सिझर झालं, त्यात कोणाचा दोष नाही. दोन वर्षांनी गावात तपासणीचं शिबिर लागलं, बायका गेल्या, ही बी गेली, तर हिच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी खराब पेशी निघाल्या. कॅन्सर नाही, पण पुढं होऊ शकतो म्हणून इथल्याच डॉक्टरीणबाईनं तोंडाचा तेवढा तुकडा कापून काढला. बरी झाली. मग हे दिवस गेले. तोंड कापलेलं, म्हणजे कच्चं — लेकरू अवेळी सुटू नये म्हणून चौथ्या महिन्यात तिथं टाका घातला, तो चार दिवसांपूर्वी काढला. आणि ही म्हणते काय, या वेळी मले सिझर नको, माहं मी बाळंत होईन.

डॉक्टरीणबाईनं कागदावर चित्र काढून सांगितलं — मी होती ना समोर — की पिशवीवरचा सिझरचा जुना टाका कळांनी उसवू शकतो, क्वचित, पण उसवला तर आई बी जाईल अन् लेकरू बी जाईल. आणि तोंडाची जखम भरून निबर झाली असेल तर कळा येऊन बी ते उघडायचं नाही, नाहीतर फाटेल. करून पाहू, म्हणाली, शब्द देत नाही. ज्योत्स्नानं बठ्ठं, एकूणएक वहीत लिहून घेतलं — कळ आली की घरी थांबायचं नाही, कय्युमच्या रिक्षाचा नंबर, बाळाच्या ठोक्यांचं मशीन सारखं लावून ठेवायचं, ठोके उतरले किंवा जुना टाका दुखला की लगेच ऑपरेशन, तिथं हट्ट नाही. खाली सही केली. परीक्षेले बसल्यासारखी ती वही घेऊन बसायची.

एवढा अट्टहास कशाले — मी बी विचारलं. भाकरी थापत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "आई, मागच्या वेळी पंधराव्या दिवशी तुम्ही मला हंडा उचलायला लावला. टाके उसवले, दोन महिने पू येत होता. फाडलेलं पोट घेऊन मी परत या घरात येणार नाही." असं, माह्या तोंडावर. खोटं आहे का? — नाही. लावला उचलायले. नळाले पाणी आलं होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि मी माह्या वेळेले दहाव्या दिवशी वावरात होती, मले कोणी — जाऊ द्या. हे नका लिहू. लिहिलं? बरं, राहू द्या.

पण लागलं मले ते. आठ दिवस तिच्याशी धड बोलली नाही मी. मग मुक्ताईनगरले लग्नाले गेली, तिथं पंगतीत एक बाई म्हणाली की पिशवीच्या तोंडाचा हा रोग संबंधातून येतो. बस. परवा हितेंद्रले जेवायले वाढलं, ज्योत्स्ना न्हाणीत होती, आणि वरण वाढता वाढता मी म्हटलं — तुह्या बायकोले हा रोग आला कुठून, विचारलं का कधी? एवढंच म्हटलं. तो ताट सारून उठून गेला. आणि मले बरं वाटलं, मॅडम. खरं सांगते, अर्धा दिवस मले बरं वाटलं.

काल बाराच्या सुमाराले तो घरी आला. मी दारापुढच्या ओट्यावर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होती. ज्योत्स्ना मधल्या खोलीत दवाखान्याची पिशवी भरत होती — लेकराचे कपडे, टॉवेल, ती वही. त्यानं आधी वही फाडली. मग केसांले धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा — कोणाचं आहे सांग, कोणाचा रोग आणला सांग. ती पडली, तर लाथा. ती पोटाभोवती गोळा झाली, त्याच्याकडं पाठ केली, तर हा फिरून समोरून आला — पोट शोधत होता त्याचा पाय, मी पाहिलं ना दारातून. ओरडली नाही ती. माह्याकडं पाहून एवढंच म्हणाली, "आई, मयुरीला बाहेर न्या." नेली. शेजारी रत्नाकडं बसवली. परत आली आणि — आत नाही गेली लगेच. ओट्यावर उभी राहिली. आतून आवाज येत होता, ओलं पोतं धोपटावं तसा. किती वेळ? — आता किती वेळ ते काय सांगू. चार लाथा. पाच. माहा नवरा सुपडू मले असाच मारायचा, आणि माही सासू तिथंच उभी राहायची, डोक्यावरचा पदर सारखा करत.

दाराशी फावड्याचा दांडा होता, तो घेतला मग. — काय? ट्रक? हो, म्हटलं होतं मी ट्रक. खोडून टाका ते. पहिला मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज आला. तो वळला, "आई, तू?" म्हणाला, तर दुसरा डोक्यात. भिंतीले घासत खाली बसला, रक्त त्याच्या डोळ्यांत, मांडीवर, तिच्या त्या लहानशा कपड्यांवर. आणि तिसरा — तो खालीच होता तेव्हा. हात वर धरून होता, मोडलेला हात, आणि मी त्याच हातावर मारला. गरज नव्हती तिसऱ्याची. चौथा बी मारला असता, दांडा उचललेलाच होता, पण ज्योत्स्नानं माह्या पायाले धरलं. म्हणाली, "आई, माझं पाणी गेलं. रिक्षा बोलवा." माह्या पोराचं डोकं फुटून तो तिथं कण्हत पडला, आणि मी त्याले ओलांडून बाहेर आली. त्याले कोणी दवाखान्यात नेलं मले ठाऊक नाही.

कय्युमनं रिक्षा अशी हाणली की दोनदा वाटलं इथंच उलटते. ज्योत्स्ना माह्या मांडीवर, डोक्यातून रक्त, खालून पाणी अन् रक्त. डॉक्टरीणबाईनं पोटावरचे वळ पाहिले आणि तिले म्हणाली, आपण ठरवलं होतं ते आता धरून बसू नकोस, मार लागलाय, लेकराआधीच वार सुटू शकते, थिएटर तयार ठेवते. ज्योत्स्ना म्हणाली, लागलं तर कापा, पण ठोके बरे आहेत तोवर मले करू द्या. मशीन लावलं. ठोके बरे होते. पण तोंड चार बोटांवर येऊन अडलं — जुन्या जखमेचं कडं, लोखंडासारखं, तीन तास हलेना. डॉक्टरीणबाई दोनदा थिएटरमध्ये जाऊन आली. मी या दाराशी. घरी लाथा खाताना न ओरडलेली पोर इथं अशी ओरडत होती की वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. पाचनंतर ते कडं एका बाजूनं फाटलं आणि उघडलं. पोरगी झाली. पिशवीवरचा टाका टिकला, पण फाटलेलं शिवायले तास गेला, रक्त थांबता थांबेना. डॉक्टरीणबाईच्या कपड्यांले जागा राहिली नव्हती.

डॉक्टरीणबाई बाहेर आली, मले विचारलं, कशावरून मारलं त्यानं? मी सांगितलं. — हो, मीच म्हटलं होतं, हे बी सांगितलं. मग म्हणाली, आजी, ज्या जंतूनं त्या पेशी खराब होतात, तो अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. पुष्कळ बायकांले नवऱ्याकडूनच येतो. कधी आला, कोणाकडून आला, कोणीच सांगू शकत नाही. — लग्नाआधी पाच वर्षं हितेंद्र केळीच्या ट्रकवर दिल्लीले जायचा. त्याले कोणी विचारलं का? मी विचारलं का?

तर लिहा, मारणारी शेवंताबाई. ज्योत्स्नाचा हात लागला नाही त्याले.

बाळ कोणावर गेलं? — पाहिलं नाही मी. नर्स येऊन म्हणाली, पेशंट सांगते, त्या घरचं कोणी आत नको. मी म्हटलं, अगं, मीच आणलं तिले इथं. तर म्हणाली, आजी, तुमचं नाव घेऊन सांगितलंय. रात्रीपासून बाकावर आहे. तिचा भाऊ येतो आहे अमळनेरहून, मयुरीले घेऊन येईल, आणि तिघींले तिकडंच नेईल. — नाही, माह्या वतीनं काही बोलू नका. काय बोलणार? तिले अजून एवढंच ठाऊक आहे की मी हंडा उचलायले लावला आणि ओट्यावर उभी राहिली. वरण वाढताना काय म्हटलं ते ठाऊक नाही. आता तुमच्या कागदात वाचेल.

आणा तो कागद, सही येते मले. इथं? — झाली. पाठीवरून हात काढा, मॅडम. काढा म्हटलं ना. आता जा आत. झोपली असेल तर उठवू नका.