सहापर्यंत वाट नाही

बायको : अहो, वाट कुठे गेली? आत्ता तर तिथून चालत ह्या दीपगृहापाशी आलो आपण!

घड्याळजी : भरती आली वाटतं. बस जरा. तीन दिवसांची सुट्टी, समुद्र बघायलाच आलोय ना?

बायको : बस काय? दोनला ताईकडे पोचायचंय मला. थांबा, ते दीपगृहवाले आले. अहो दादा, वाट मोकळी कधी होणार?

दीपगृहवाला : सहाला, वहिनी. त्याआधी नाही.

बायको : सहाला? पाचच्या बोटीनं माझी बहीण चाललीय हो, लेकाकडे, कायमची! एखादी होडी मागवा ना.

दीपगृहवाला : ह्या खडकांत भरतीला होडी घालणारा अजून जन्माला यायचाय. एकानं घातली होती, तिच्या फळ्यांचं माझं दार झालं.

बायको : मग पलीकडे वेळेची पाटी तरी लावायची.

दीपगृहवाला : आहे की! ह्या तुमच्या साहेबांनी सकाळी आठला उभं राहून वाचली. मी पाव आणायला गेलो होतो, तर मलाही विचारलं, ‘बारानंतर नक्की अडकतो ना माणूस?’ म्हटलं, नक्की. बसा, चहा टाकतो. कोंडलेल्या पाहुण्यांना आमच्याकडे चहा फुकट.

(दीपगृहवाला आत जातो.)

बायको : पाय मोकळे करून येतो म्हणालात सकाळी.

घड्याळजी : अगं...

बायको : चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत. मिनिट मागे पडलं तर घास उतरत नाही तुम्हाला. मला वाटलं, आज पहिल्यांदा चुकलात. कीव आली हो मला तुमची.

घड्याळजी : तिनं काय म्हटलं होतं, विसरलीस? पोरीच्या लग्नात, व्याह्यांसमोर. ‘हा नवरा नव्हे, कोंडवाड्याचा शिपाई.’

बायको : अकरा वर्षं झाली. तेव्हा तुमच्या बाजूनं मीच भांडले. सख्ख्या बहिणीला म्हटलं, आधी माफी माग, मग माझ्या दारात ये. आता काय सांगू तिला?

घड्याळजी : फोन कर. हा घे माझा.

बायको : फोन करतेच मी. रोज, तुम्ही दुकानात गेलात की.

घड्याळजी : रोज?

बायको : सव्वादहाला. घड्याळ लावून घ्यावं इतका नेमका. एकदा तोंड बघायचं होतं तिचं, एवढंच.

घड्याळजी : मला वाटलं, ती म्हणेल, चल माझ्याबरोबर. आणि तू जाशील.

बायको : म्हणाली होती. गेल्या महिन्यातच.

घड्याळजी : मग?

बायको : नाही म्हटलं. त्यांना साधा चहा करता येत नाही, म्हटलं.

दीपगृहवाला : हा घ्या चहा. आणि वहिनी, रडू नका. पाचची बोट ह्या खडकाला वळसा घालूनच जाते. वर कठड्याशी उभ्या राहा, डेकवरची माणसं ओळखू येतात.

घड्याळजी : ऐकलंस? चल, वर जाऊ. थांब, हा सदरा काढून देतो. पांढरा आहे, हलव जोरात, लांबून दिसेल तिला.

बायको : अंगातच असू द्या. आणि तुम्ही खालीच बसा. तुम्ही दिसलात तर ती हात हलवायची नाही.