तारीख उलटलेलं पाकीट

(शिन्चूतली एक चाचणी-खोली, दुपार. नवजात बाळांच्या काचपेटीला जोडायचा मॉनिटर टेबलावर गोठून पडलाय. त्यावर खाऊचं हिरवं पाकीट, यंत्र नीट चालावं म्हणून इथे ठेवतात तसं. पेइशान आणि तिचे वरिष्ठ, लियाओ.)

लियाओ: हे बघ, सापडलं कारण. पाकिटाची तारीख मार्चमध्येच उलटलीय.

पेइशान: लियाओदादा, खाऊच्या पाकिटामुळे मॉनिटर गोठत नाही.

लियाओ: हिरवं आणि ताजं पाकीट असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. अठरा वर्षं बघतोय मी.

पेइशान: आणि कोडमधली ती ओळ मी आठ वर्षं जुनी बघतेय. ‘दोन सेकंद थांबा, मग मॉड्यूल काढा.’ तुमचीच ना?

लियाओ: माझीच. चालते की.

पेइशान: दहातल्या नऊ वेळा. नर्सनं सेन्सर पुसायला काढला की त्याचं मॉड्यूल, म्हणजे त्याला चालवणारा कोडचा तुकडा, कर्नलमधून, यंत्राच्या मूळ प्रणालीतून निघतो, मेमरीतली जागा मोकळी होते. पण त्यानं कामाला लावलेला थ्रेड, आत चालणारं छोटं काम, कधीकधी आतच झोपून राहतो. सेन्सर परत लावला की हा उठतो, घरी जायला निघतो, तर घरच जागेवर नाही. मग सगळाच पडदा गार.

लियाओ: दोनाचे पाच कर मग.

पेइशान: पाच, दहा, पन्नास. अंदाजानं किती थांबणार? ‘माझं संपलं’ असं थ्रेडनं सांगेपर्यंत थांबायचं.

लियाओ: आणि नाही सांगितलं तर? केलं होतं मी तेही. मॉनिटर ताटकळत राहिला, मोठ्या साहेबांच्या देखत. त्याच संध्याकाळी दोन सेकंद घातले.

पेइशान: तुम्ही ‘थांब’ म्हणालात, पण उठवलं नाहीत. तो सेन्सरच्या आकड्याची वाट बघत झोपलेला आणि सेन्सर तर काढलेला. ऐकणार कसा? आधी जागं करायचं, मग वाट बघायची. तीसेक ओळी आहेत. चारशे वेळा काढघाल करून झालीय. फक्त तुमची मंजुरी अडलीय.

लियाओ: पुढच्या आवृत्तीत बघू. आज पाच वाजता हे इस्पितळात पोचवायचंय.

पेइशान: म्हणजे तोवर कुणाची तरी आई गोठलेल्या आकड्याकडे बघत बसणार.

लियाओ: लगेच आई कशाला आणतेस मध्ये.

पेइशान: माझी आनआन अकरा दिवस काचपेटीत होती, दादा. एकदा आकडा हलेचना. ब्याण्णव, ब्याण्णव. नर्स म्हणाली, यंत्र अडकलंय, बाळ ठीक आहे. मी चार मिनिटं नुसती तिची छाती वरखाली होतेय का ते बघत होते.

लियाओ: ...आपलंच होतं यंत्र?

पेइशान: यंत्राच्या मागे जाऊन कंपनीचं नाव वाचायचा धीर झाला नाही.

लियाओ: दाखव त्या तीस ओळी.

पेइशान: सकाळपासून उघडून ठेवल्यात.

लियाओ: हं... उठवायचंच राहिलं होतं की माझं. घे, दिली मंजुरी.

पेइशान: आणि या पाकिटाचं काय करू?

लियाओ: टाकून दे. या मॉनिटरवर पहिलं पाकीट मी ते दोन सेकंद घातले त्याच संध्याकाळी ठेवलं होतं. तेव्हापासून गेल्या वर्षापर्यंत आठवणीनं पाकीट तेवढं बदललं, ओळ नाही.