श्रावणातलं ताट

"हॅलो? … हॅलो, हो, नीलाच बोलतेय… अगं, निरोप मिळाला तशी धावत आले, म्हणून धापा टाकतेय. बोल… हळू नको, मोठ्यानं बोल हेमा. इथं काकांच्या दवाखान्यात अर्धं ठाणं खोकतंय."

बाकावरच्या माणसांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपापलं खोकणं सुरू केलं. तपासायच्या खोलीच्या पडद्याआडून भाऊकाकांनी मान बाहेर काढली. पुतणीला मुंबईहून ट्रंककॉल आला म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. नौपाड्यातल्या त्यांच्या घरात कितीतरी दिवस दुसरा विषयच नव्हता. नीला विलायतेला जाणार, लोकांच्या आहाराचं पदव्युत्तर शिक्षण घेणार आणि मग युनोच्या कामावर देशोदेशी हिंडणार. सगळं मुंबईच्या निवड समितीवर अडलं होतं, आणि नीलाची मैत्रीण हेमा त्या समितीच्या कचेरीत टायपिस्ट होती.

"काय? … पुन्हा सांग… माझं नाव? पहिलं?"

तिनं भिंतीला हात टेकला. एवढी एक गोष्ट तिला आयुष्यात स्वतःहून हवी होती, आणि ती आता, आजच्याच दिवशी मिळत होती.

"नाही, रडत नाहीये… हो, ऐकतेय. … दुपारच्या डाकेनं दिल्लीला? सगळे कागद? … हेमा, ऐक ना. अगं, ऐक ना आधी. ते कागद पाठवू नकोस."

पडद्याआडची मान आणखी बाहेर आली.

"वेड नाही लागलं. … आत्ताच कळव्याहून आले मी. गोदाबाईकडून. तीच गं, मिठागरात जाते ती. तिच्याच घरी मी पहिलं ताट मोजलं होतं ना, म्हटलं, जाऊन सांगावं, तुमच्या ताटांच्या जोरावर निघालेय म्हणून. … सांगते ना, थांब. दारातच वास आला. … कसला काय विचारतेस, बोंबलांचा. चुलीवर कालवण, डब्यात सुकट, अंगणात आणखी काय काय वाळत घातलेलं, मला त्यातली नावंसुद्धा ठाऊक नाहीत. आणि मी अहवालात लिहिलंय काय? या घरांत मासळी जवळजवळ खाल्लीच जात नाही. … हो, खाडीच्या काठावर."

किती अभिमानानं लिहिलं होतं तिनं ते. घरोघर जाऊन, चुलीपाशी उकिडवं बसून, भात वेगळा, आमटी वेगळी, भाजी वेगळी तोलली होती. समितीला आवडलं तेही नेमकं हेच. एका शाळेतल्या बाईनं एवढी मोठी उणीव शोधून काढली म्हणून कौतुक झालं, आणि कळव्याला दुधाच्या भुकटीचे डबे पाठवावेत अशी शिफारसही त्याच कागदांबरोबर दिल्लीला निघाली होती.

"विचारलं ना. म्हटलं, गोदाबाई, पावसाळ्यात मी येत होते तेव्हा हे सगळं कुठं होतं? तर हसायलाच लागली. 'तवा सरावन व्हता ना, बाय. सरावनान कोन म्हावरा खातं?' … हो गं, श्रावण. शाळा बरेच दिवस अर्धीच असते, म्हणून मी तोच महिना धरला. वर शहाणपणा असा, की सणाला गोडधोड होतं, मापं चुकतील, म्हणून सण तेवढे वगळले. … आमच्याकडे काय, बाराही महिने मासळी नाही. आमचा श्रावण फार तर कांदा-लसूण घेऊन जातो. दुसऱ्याच्या ताटातून तो काय घेऊन जातो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

भाऊकाका आता पुरते बाहेर येऊन उभे राहिले होते. गळ्यातली नळी काढायचीही त्यांना आठवण नव्हती.

"हेमा? … हॅलो? … गप्प का झालीस? … थांब. टाइप तूच केलंस ना ते सगळं? आणि तुम्ही तर कायस्थ. श्रावण लागला की तुझे दादा ताटावर तोंड वाकडं करून बसतात, गणपती-गौरी गेल्या की पहाटेच बाजार गाठतात. तूच सांगायचीस. … म्हणजे तुला कळलं होतं. … तेव्हाच?"

पलीकडून हेमा भराभर बोलू लागली. ते ऐकताना नीलानं डोळे मिटून घेतले.

"मी जावं म्हणून? … अगं, वेडे. … नाही, रागावले नाही. … रागावलेय थोडी. स्वतःवर जास्त. … मला जायचंय, हेमा. इतकं जायचंय, की कळव्याहून येताना वाटभर हेच मनात. नाही बोललं तर काय बिघडलं? कोण बघायला जातंय? … तेच म्हणतेय मी, तूसुद्धा तेच म्हणतेस. … तिथं जाऊन कळवायचं? तोवर डबे येऊन पडतील इथं. आणि उद्या ब्रह्मदेशात नाहीतर आफ्रिकेत जाऊन मी काय करणार आहे? हेच ना? तिथल्याही लोकांचा काहीतरी श्रावण असेल, तो मला कळणार नाही, आणि मी आपली डबे मागवत बसेन. … हो. दुसऱ्या नंबरावरच्या मद्रासच्या बाईंचं नाव वर जाईल, माहीत आहे. … पुढच्या वर्षी आप्पा माझं लग्न लावल्याशिवाय थांबणार नाहीत, तेही माहीत आहे. तू नको सांगूस ते… कोण? एक्स्चेंज? … अहो वाढवा, वाढवा वेळ, अजून बोलायचंय."

तिनं काकांकडे पाहिलं. भाऊकाकांनी हातानंच, बोल, बोल, अशी खूण केली आणि बाकावरच्यांकडे रागानं बघितलं. कोणी खोकेना.

"हेमा, आहेस ना? … सगळे कागद परत नकोत? … वर एक चिठ्ठी जोडता येईल? … हो. हो, चालेल. … मशीनवर कागद चढव तू."

फोनमधून कागद फिरवल्याची करकर आली. नीलानं पदरानं कपाळ पुसलं.

"घे. ही सर्व मापं श्रावण महिन्यात घेतली आहेत. … इंग्रजी तूच कर गं, मला आत्ता सुचत नाही. … या महिन्यात ही माणसं मासळी वर्ज्य करतात, एरवी खातात. … झालं? ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, चूक माझी आहे. भुकटीची शिफारस थांबवावी आणि मापं पुन्हा घ्यावीत. … कोणी घ्यावीत म्हणजे? … जो कोणी… नाही, थांब. मी घेईन, असं लिही. … हो, निवड होवो न होवो. … खाली माझं नाव घाल. साहेबांना सांग, तिनं फोनवरून घातलं. तू तुझ्या अंगावर काही घेऊ नकोस. … वाच एकदा."

ती ऐकत राहिली. नाव आलं तेव्हा तिच्या ओठांची हालचाल झाली.

"हं. बरोबर आहे. … आता लाव ते कागदांना आणि फोन ठेव. … नाही, आणखी काही बोलू नकोस. ठेव म्हणते ना. तू अजून थोडी समजूत घातलीस तर मी तो कागद फाडायला सांगेन."

पलीकडे हेमाचा श्वास ऐकू येत होता. ती काही ठेवेना. शेवटी नीलानंच ठेवला.