डब्यावर ओरिजिनल लिहिलं हुतं

आमचं घराणं इथलंच म्हणायचं, आजोबांचे आजोबा कधीतरी साताऱ्याकडून आले आणि बेंगळुरातच राहिले, त्यामुळं आमचं मराठी असं, अर्धं कन्नड मिसळलेलं, पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. वडलांचं कापडाचं दुकान हुतं, पण माझं मन कापडात कधी लागलंच नाही. मॅट्रिक झालो आणि किट्टण्णाच्या लेथवर जाऊन उभा राहिलो. किट्टण्णा म्हणजे काय सांगू तुम्हाला, मोटरसायकलचं इंजिन नुसतं ऐकून आत काय झिजलंय ते सांगणारा माणूस. दहा वर्षं त्याच्या हाताखाली काढली, मग बनशंकरीला स्वतःचं गॅरेज टाकलं, तरी सिलिंडर बोअर करायचा, म्हणजे आतून कोरून पिस्टनच्या मापाला आणायचा, तर त्याच्याकडंच, दुसऱ्याकडं नाही.

माझा धाकटा भाऊ शिनू मातीवरच्या शर्यतीत गाडी चालवायचा. त्या वेळी येलहंक्याच्या पुढं मैदानावर मातीचे उंचवटे करून शर्यती व्हायच्या, टू-स्ट्रोक गाड्या, नुसता धूर नि धूळ, माणसं झाडावर चढून बघायची. शिनूनं गाडी उडवली की आई डोळे मिटून घ्यायची आणि मी इंजिनाचा आवाज ऐकत राहायचो. गाडी माझ्या हातची, म्हणून त्याचा कप तो माझा कप, असं मला वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता पार्टचं सांगतो. ओरिजिनल म्हणजे कंपनीचा, आणि बाहेरचा म्हणजे कुणीही बनवलेला. किट्टण्णा म्हणायचा, नाव बघू नको, माल बघ, मी मोटारीचे पिस्टन लेथवर घासून बारीक करून बसवतो ते दोन-दोन हंगाम चालतात की. आणि चालायचेच. पण माझ्या डोक्यात ओरिजिनल बसलं हुतं. मोठ्या शर्यतीआधी मी बाजारातून पिस्टनचा सीलबंद डबा आणला, वर कंपनीचा शिक्का, चकचकीत कागद. किट्टण्णानं पिस्टनच्या आतून बोट फिरवलं, म्हणाला, नारू, स्वल्प थांब, हा आतून खरबरीत आहे, वजनही कमी वाटतंय, डबा तेवढा कंपनीचा, पिस्टन कंपनीचा नव्हे. हा तापला की फुगणार आणि अडकणार. पिस्टन नि सिलिंडरच्या मधी जागा जरा जास्त ठेवतो.

मी म्हटलं, कंपनीच्या पुस्तकात आहे तेवढीच ठेवा. तो परत नको म्हणाला. सात-आठ रायडर उभे हुते, त्या सगळ्यांसमोर मी म्हटलं, अण्णा, तुमचे डोळे गेले, बोटं गेली, आता घरी बसून देवाच्या वाती वळा. सगळे हसले. मीपण हसलो. किट्टण्णानं पुस्तकात हुतं त्या मापानं, केसाचाही फरक न करता, सिलिंडर करून दिला.

चौथ्या फेरीला शिनू पहिला हुता. गाडी हवेत गेली आणि आवाज बंद झाला. मागचं चाक हवेतच थांबलं, पुढचं तोंड खाली गेलं, पोर मानेवर आपटलं, आणि मागून येणारी गाडी त्याच्या पाठीवर उतरली. कमरेखालचं सगळं गेलं.

मी इंजिन उघडलं. पिस्टन हातोडीनं ठोकून काढावा लागला. जुन्या पिस्टनच्या शेजारी ठेवला, तर ह्याची अक्षरं वाकडी, भिंत पातळ. बोअर मोजला, बरोबर. सगळं समजलं मला. दुकानदाराकडं गेलो तर म्हणाला, डबा सीलबंद हुता की नाही, मग झालं.

हॉस्पिटलात शिनूनं विचारलं, दादा, काय गेलं रे? आणि मी म्हटलं, किट्टण्णाचा बोअर चुकला.

असं म्हणालो मी. ठरवून नाही, पण म्हणालो, आणि मग तेच सगळ्यांना सांगत राहिलो.

किट्टण्णा मोसंबी घेऊन घरी आला. आईनं दारातच धरलं, हात झडोत तुझे म्हणाली. शिनू पलंगावरून ओरडला, बाहेर काढा त्याला. किट्टण्णानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. तो म्हणाला, सरी अक्का, बरं, येतो, मोसंबी उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. आईनं ती गटारात टाकली.

मग एकेक रायडरनं त्याच्याकडं जायचं सोडलं. लेथ भंगारात गेला. सर्जापूर रोडला कुठल्या बांधकामावर तो राखणदार हुता म्हणे, तिथंच गेला, गेल्या वर्षी. मी मातीला गेलो नाही. त्याची बायको रस्त्यात भेटली तर मलाच नमस्कार करते, तिला वाटतं आमचं नुकसान तिच्या माणसानं केलं.

आईपण गेली, त्याला शिव्या देतच गेली. शिनूला मी अंघोळ घालतो, कूस बदलतो, जखमा पुसतो. तो रोज म्हणतो, दादा, तू नसतास तर माझं काय झालं असतं. रोज म्हणतो. मार परवडला, ते ऐकणं नको.

तुम्ही विचारलंत म्हणून पहिल्यांदा तोंडानं बोललो, आणि आवाज बारीक करायचंपण सुचलं नाही. तुम्ही आलात तेव्हा आतल्या खोलीत शिनूचा रेडिओ लागला हुता. आता बंद आहे. त्यानंच बंद केला असणार, हात चालतात त्याचे. कधी केला कोण जाणे.

बसा तुम्ही, देव तुमचं बरं करो. मी आत जाऊन येतो.