वरून मोजत येतात म्हणे

मान जरा खाली — नाही नाही, इतकी नको, हं, अशी. किती कापू म्हणालात? दोन बोटं? सांगितलंत की मघाशीच. आज डोकं ठिकाणावर नाही ताई माझं, पण हात ठिकाणावर आहे, घाबरू नका. शाळान्त परीक्षेचा निकाल लागला ना सकाळी — हो, आमच्या बबडीचा. बाकी सगळं झकास, आणि गणितात 'ड'. नापास? छे हो, 'ड' म्हणजे पासच. पण नर्सिंगला गणितात 'क' लागतो, त्याच्या खाली दारातसुद्धा उभं करत नाहीत. आणि ही पोर लहानपणापासून माझे रोलर पळवून बाहुल्यांना सलाईन लावणारी! एकेका बाहुलीला दोन-दोन. दुसरं काही व्हायचं तिच्या मनातच नाही, काय करू मी?

बरं, मार्क काही वाईट नाहीत तिला. गेल्या वर्षी एवढ्यात 'क' देत होते. पण या परीक्षावाल्यांची तऱ्हाच निराळी — सगळ्या पोरांना मार्कांप्रमाणे ओळीत उभं करायचं आणि वरून मोजत यायचं म्हणे. इतक्यांना 'अ', पुढच्या इतक्यांना 'ब', मग 'क', आणि 'क' वाटून संपले की मारली रेघ! बबडी त्या रेघेला खालून चिकटलेली. एका मार्कानं. म्हणजे वरच्यांतली एखादी बाई परीक्षेला बसलीच नसती तर — पोर. एखादं पोर म्हणतेय मी. कान धरा जरा, हा इकडचा.

आरशातून अशा काय बघता? बरं, हो. मीच ती बाई. मीही बसले होते यंदा. शाळा अर्धवट सुटलेली माझी, आणि बबडीनंच टुमणं लावलं — आई, बस ना माझ्याबरोबर, मी शिकवते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की याच खुर्चीत ऐटीत बसायची, मला मागं उभं करायची आणि आरशावर पेनानं गणितं लिहायची. तो कोपऱ्यातला निळा डाग दिसतोय ना, तो तिचा. पुसवत नाही मला. काय ओरडायची म्हणून सांगू! "आई, घाई नको, आधी वाच, काय विचारलंय ते वाच!" मला शिकवण्यात तिचाच अभ्यास मागं पडला का हो? नसेल. रोज तर तिचंच तिला पाठ होत होतं — नाही, पडलाच असेल.

मला ना? गणितात 'ब'.

कुणाला सांगू नका. म्हणजे सांगितलंत तरी — नको, नकाच सांगू. सकाळी स्वयंपाकघरात दोघी फोन घेऊन बसलो. आधी कुणाचा नंबर टाकायचा? कुठलीही आई लेकीचाच टाकेल की नाही? मी माझा टाकला. आपोआप टाकला गेला असं सांगणार होते तुम्हाला, पण नाही, मला बघायचंच होतं. आणि 'ब' दिसल्यावर अशी किंचाळले ताई, हातातला झारा घेऊन नाचले अक्षरशः, शेजारीण धावत आली काय झालं म्हणून. मग बबडीनं स्वतःचा स्वतः टाकला. फोन पालथा ठेवला, आणि अगदी हळू म्हणाली, "माझी जागा तू घेतलीस आई." आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं मला.

तशीच उठून तिच्या शाळेत गेले. हेडबाई हसल्या — अहो, हजारो बसतात, एकट्या तुमच्यानं रेघ हलते का? हिशोबानं बाई खऱ्या. पण आमच्या घरातनं दोघीच बसलो होतो ना? आणि दोघींत वर कोण? मला लाज वाटते, आणि मेला आनंदही जात नाही. मधेच आठवतं आणि हसू फुटतं. आता फेरपरीक्षा आहे, नुसत्या गणिताची. तर बबडी बाईसाहेब म्हणतात, बसणार नाही, मला कोण शिकवणार. मी आपलं येऊन दुकान उघडलं — अगं बाई! हलू नका, काही नाही झालं, थोडं जास्त गेलं एवढंच, बसेल कुरळं होऊन.

कोण आलंय? वाऱ्यानं दार — बबडी? कधीची उभी आहेस गं? खाल्लंस काही? ये, आत ये. बस ना त्या बाकावर, ह्या ताईंचं होतच — ते पेन कशाला काढलंस? आरसा पुसू नको, राहू दे तो डाग — बरं, पूस.

मला का देतेस पेन?

ताई, उठा. हो, डावी बाजू राहिलीये, दिसतंय मला, उद्या या, उद्या दोन्ही सारख्या करून देते. पैसे राहू देत. खुर्ची हवीये तिला. उठा ना हो! आणि जाताना दार ओढून घ्या.